चष्मा लावलेलं पोतं

ज्या वर्षी थोरल्या लेकीला जुळं झालं आणि दोन्ही घरांची झोप एकदमच उडाली, त्याच वर्षी तात्यांच्या धाकट्या लेकीने लग्न ठरवल्याचं जाहीर केलं. ठरवायचंय असं नाही, ठरवलंय. मुलगा काय करतो, तर ग्राफिक डिझाइनर आहे.

“म्हणजे चित्रं काढतो,” तात्या म्हणाले.

“नाही. डिझाइन करतो.”

“तेच ते.”

“तेच नाही, तात्या. तुम्ही त्यालाच विचारा. रविवारी येतोय.”

तात्यांची सगळी नोकरी वीज कंपनीत मीटर तपासण्यात गेली होती. लोकांच्या जिन्याखाली, अडगळीच्या खोल्यांत, माळ्यावर, जिथे म्हणून मीटर बसवता येतो तिथे ओणवं होऊन त्यांनी उमेदीची वर्षं काढली. त्यातून त्यांना एक ज्ञान झालं होतं: ज्या घरात चहा फार लवकर पुढे येतो, त्या घरातला मीटर हळू फिरत असतो. निवृत्त झाल्यावर मीटर सुटले, ओणवं होणं सुटलं, पण संशय काही सुटला नाही. दूधवाला हसून बोलला की तात्या माप पुन्हा बघत. बायको खुशीत दिसली की “तुझा भाऊ कधी येतोय?” असं विचारत. आणि पुष्कळदा तो खरंच येत असे, त्यामुळे संशयाला खतपाणी मिळत राहिलं.

रविवारी मुलगा आला. किडकिडीत, हसतमुख. त्याने चपला काढल्या आणि भिंतीला अगदी समांतर, जोडीने ठेवल्या. जाता जाता तात्यांच्याही सरळ केल्या. तात्यांच्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली. एवढा व्यवस्थित माणूस काहीतरी लपवत असणार.

बैठकीत कोपऱ्यातल्या खुर्चीत दादा बसले होते. दादा म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ. जन्मभर शिंपीकाम केलेलं. लग्न केलं नाही. इतरांच्या लग्नाचे कोट शिवता शिवता स्वतःचं राहून गेलं, असं ते सांगत. अलीकडे त्यांना विसर पडू लागला होता. सकाळ की संध्याकाळ, जेवण झालं की व्हायचंय, याचा घोळ होई. पण शिवणकामातलं काही विसरले नव्हते. निळा स्वेटर मात्र ते नेहमी उलटा घालत, शिवणी बाहेर. तात्यांची बायको दिवसातून कितीदा तरी तो सरळ करू बघायची आणि दादा म्हणायचे, “राहू दे गं. शिवण चांगली असली तर दाखवायला लाज कसली?”

चहा झाल्यावर तात्यांनी कागद-पेन्सिल पुढे सरकवली. “काढ बघू आमच्या दादाचं चित्र.”

मुलगा म्हणाला, “काका, मला चित्र येत नाही.”

बायको हातात कपबशांचा ट्रे घेऊन दारातच थांबली. तात्यांना तर आतून आनंदच झाला. गुन्हेगार स्वतःहून वायर दाखवतोय, असं नोकरीत कधी घडलं नव्हतं.

“येत नाही म्हणजे?”

“म्हणजे चांगलं येत नाही. माझं काम वेगळं असतं. अक्षर कुठलं, केवढं, कागदावर काय आधी दिसावं, काय नंतर...”

“तू काढ.”

त्याने काढलं. दादांकडे बराच वेळ बघितलं, मग घाम पुसत काढलं. धान्याच्या पोत्याला कोणी चष्मा लावला तर जसं दिसेल, तसं ते दिसत होतं. धाकटीने छताकडे बघितलं. कागद हातोहात फिरून दादांकडे गेला आणि दादा एकदम खुलले.

“हा मीच की! छोट्या, बघ, डावा खांदा उतरलाय. बरोबर हेरलंय पोराने.” आणि घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला.

साठी उलटलेल्या माणसाला भावी जावयासमोर ‘छोट्या’ म्हटल्यावर त्याची जी अवस्था होते, ती तात्यांची झाली. ते म्हणाले, “दादा, चित्र न येणारा चित्रकार तू कधी पाहिलायस?”

“मी जन्मभर कपडे शिवले,” दादा म्हणाले. “मला कुठे कापूस पिकवता येत होता?” आणि मग त्यांनी विचारलं, “जेवण झालं का आपलं?”

पहिल्या वाक्याला मान द्यायचा तर दुसऱ्यालाही द्यावा लागतो, म्हणून तात्यांनी दोन्ही सोडून दिली.

पण झोप गेली. जुळ्यांनी अर्धी नेली होती, उरलेली या मुलाने नेली. तात्यांनी आधी वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा सल्ला घेतला. मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून त्यांनी एक माठ आणि दोन लिंबं काढून घेतली होती. लिंबं दर वर्षी बदलत, माठ तोच. ते म्हणाले, “ज्याला मांजर काढता येत नाही, त्याने पेन्सिल धरू नये. पाया, तात्या, पाया! पायाच नसेल तर इमारत कशावर उभी आहे, ते शोधा.”

समोरचे कंपाउंडर जिन्यातच भेटले. ते म्हणाले, “आधी सर्टिफिकेट तपासा. आमच्या दवाखान्यात एक डॉक्टर आले होते. वर्षभर औषधं दिली. नंतर कळलं, गुरांचे होते.”

“मग पेशंटांचं काय झालं?”

“बरे झाले की. पण फसवणूक ती फसवणूकच.”

झालं. तात्यांनी ठरवलं, मुलगा ज्या कलामहाविद्यालयातून पास झालो म्हणतो, तिथेच जाऊन खरंखोटं करायचं. घरात कोणाला सांगायचं नाही. पण बायको थोरलीकडे जुळ्यांना सांभाळायला गेलेली, धाकटी कामावर, आणि दादांना एकटं ठेवायची सोय नव्हती. म्हणून तपासाला दादाही निघाले. निघताना त्यांनी स्वेटर नीट उलटा करून घातला.

महाविद्यालयाच्या फाटकाशी एक बाक होतं. “दादा, इथेच बस. हलू नकोस. मी आलोच.”

“बसतो,” दादा म्हणाले आणि बसले.

कचेरीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, “काय हवंय?”

“एक मुलगा इथून पास झालाय का, एवढंच बघायचंय.”

“तुमचं नातं काय?”

“नातं अजून व्हायचंय.”

“मग झाल्यावर या.”

“अहो, झाल्यावर येऊन काय उपयोग? व्हावं की नाही तेच बघायला आलोय.”

“काका, अर्जात रकाना आहे. विद्यार्थ्याशी नातं. तो रिकामा ठेवता येत नाही.”

“संभाव्य सासरे, असं लिहू?”

कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली. “संभाव्य चालत नाही. इथे येणारे सगळेच संभाव्य असतात.”

अशी बोलाचाली चांगलीच रंगली. वरच्या साहेबांकडे जाणं झालं, साहेब जेवायला गेल्याचं कळलं, तात्यांनी ग्राहकांचे हक्क सांगितले, कारकुनाने कचेरीचे नियम सांगितले. शेवटी एक संशय, एक अपमान आणि एक कोरा अर्ज घेऊन तात्या बाहेर आले. बाक रिकामं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तात्या वाईट माणूस नव्हते. त्या रिकाम्या बाकाकडे बघून ते मनापासून घाबरले. याच भावाने त्यांना वाढवलं होतं, याच भावाच्या मशीनच्या आवाजात ते अभ्यास करून पास झाले होते. ते फाटकाबाहेर धावले, डावीकडे गेले, उजवीकडे गेले, चहाच्या टपरीवर विचारलं. दादा नव्हते. पण घरी पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात दुसरीही एक भीती शिरली होती. आपण कुठे गेलो होतो, हे लेकीला कळलं तर?

म्हणून फोनवर बायकोने, मग लेकीने, मग शेजाऱ्यांनी “कुठे हरवले?” असं विचारलं, तेव्हा तात्यांच्या तोंडून निघालं, “बाजारात.” बाजार होता महाविद्यालयाच्या बरोबर उलट्या टोकाला.

झाडून सगळे बाजारात गेले. पोलीस चौकीत हवालदारांनी विचारलं, “कधीपासून?” सकाळपासून, असं सांगितल्यावर ते म्हणाले, “मग संध्याकाळपर्यंत वाट बघा. पुष्कळ जण जेवायला परत येतात. फोटो आणलाय?”

फोटोचीच तर पंचाईत होती. तेव्हा फोन अजून भिंतीला बांधलेले होते, त्यात फोटो निघत नसत. घरात अल्बम होते, पण दादांना फोटो काढताना कोणाची तरी कॉलर वाकडी दिसायचीच. प्रत्येक लग्नात ते ऐन वेळी पुढे वाकून नवऱ्याचा कोट सरळ करत होते. त्यामुळे सगळ्या फोटोंत दादांची पाठ होती.

“फोटो कशाला?” मास्तर म्हणाले. त्यांच्या आयुष्यातला मोठा क्षण जवळ आला होता. “मी काढतो.”

मास्तरांनी काढलं, आणि खोटं कशाला बोला, सुंदर काढलं. रुंद कपाळ, करारी नाक, दूरवर पाहणारे डोळे. खाली वळणदार अक्षरात, ‘हे वृद्ध गृहस्थ हरवले आहेत. सापडल्यास कृपया पुढील पत्त्यावर आणून द्यावे.’ त्याच्या झेरॉक्स निघाल्या आणि बाजारभर लागल्या.

दुपार कलायच्या आत पहिले गृहस्थ आले. म्हणजे आणले गेले. दोन तगड्या पोरांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं होतं. “हेच ना?” ते नव्हते. ते वकील होते आणि ते तसं ओरडून सांगत होते. त्यांची समजूत काढून, पाणी देऊन त्यांना पाठवलं, तोवर दुसरे आले. हे एकटेच आले.

“चित्र बघितलं. मीच वाटलो, म्हणून आलो,” ते म्हणाले आणि दादांच्या खुर्चीत बसले.

“अहो, पण तुम्ही हरवलेले नाही आहात,” तात्यांची बायको म्हणाली. ती जुळ्यांना टाकून आली होती आणि तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

“ते खरं. पण माझ्यासाठी कोणी भिंतीवर कागद लावले असते, असं वाटत नाही. थोडा चहा मिळेल का?”

तो दिला. काय करणार?

इकडे तात्या बाजारात एकेक गल्ली पालथी घालत होते. ते एका दुकानाच्या पायरीवर क्षणभर टेकले, आणि कोणीतरी त्यांचा हात धरला. केळीवाला होता. त्याच्या दुसऱ्या हातात मास्तरांचं चित्र होतं. त्याने एकदा चित्र बघितलं, एकदा तात्यांना बघितलं.

“आजोबा, चला घरी.”

“मी हरवलेलो नाही! मी शोधतोय!”

“हो, हो. सगळे असंच म्हणतात.”

“अरे, हरवलेला माझा भाऊ आहे!”

“भाऊच वाट बघतायत तुमचे. चला.”

माणसं जमली. एक बाई तात्यांच्या कानाशी येऊन मोठ्याने, सावकाश म्हणाल्या, “आजोबा, जेवलात का?” कोणीतरी डोक्यावर टोपी घातली, ऊन लागू नये म्हणून. तात्यांनी आपलं नाव, हुद्दा, निवृत्तीचा दिवस, सगळं घडाघडा सांगितलं. केळीवाला म्हणाला, “बिचाऱ्यांना जुनं सगळं आठवतंय.” ज्या माणसाने लोकांचं खरं कधी खरं मानलं नव्हतं, त्याचं खरं आता कोणी मानेना. अशी ती मिरवणूक भर बाजारातून निघाली आणि इमारतीच्या जिन्यापर्यंत आली. बायकोने दार उघडलं. पुढे केळीवाला, मागे पंधरा-वीस माणसं, मध्ये परक्याची टोपी घातलेला तिचा नवरा.

खुर्चीतले गृहस्थ चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “आणखी एक आला वाटतं.”

तात्या मास्तरांवर तुटून पडले. “हे कोणाचं चित्र काढलंत?”

“हुबेहूब आहे!”

“हुबेहूब माझं आहे!”

“भाऊ-भाऊ ना तुम्ही,” मास्तर म्हणाले. “शिवाय जिन्यात रोज भेटता. तुमचं नाक माझ्या हाताला पाठ आहे. त्यांचं आठवताना ते मध्ये आलं.”

या गदारोळात धाकटीबरोबर तो मुलगा आला. चपला सरळ ठेवायला तो विसरला, हे तात्यांनी तेवढ्यातही पाहिलं. त्याने मास्तरांचं चित्र हातात घेतलं, म्हणाला, “छान आहे,” आणि उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला तयार झाला. मग तो तात्यांच्या बायकोला विचारू लागला. अंगावर नेहमी काय असतं? निळा स्वेटर. उलटाच असतो का? हो, उलटाच. कोणी नाव विचारलं तर सांगतात का? कधी सांगतात, कधी नाही. कशाला हो म्हणतात? चहाला. कुठे रमतात? कापड दिसलं की. रस्त्यात कोणी हात धरला तर? घाबरतात, हिसडा देतात.

तात्या ऐकत होते. एका घरात मीटर बंद का, हे शोधताना ते असेच प्रश्न विचारत असत. याने आधी दिवे पाहिले, मग वायर धरली, आता वायरीमागून चाललाय. पुढचा प्रश्न कुठला येणार, ते तात्यांना ठाऊक होतं.

“काका, शेवटचे कुठे दिसले?”

“बाजारात.”

“बाजारात नेमकं कुठे?”

“बाजारात म्हणजे... बाजारातच.”

मुलाने पेन्सिल थांबवली आणि तात्यांकडे बघितलं. तात्यांना वाटलं, याला कळलंय. खिडकीबाहेर ऊन उतरायला लागलं होतं. दादा कुठेतरी कोणाला तरी विचारत असतील, जेवण झालं का आपलं. आणि आपण इथे आपली अब्रू काखेत धरून बसलोय.

“तुझ्या कॉलेजात,” तात्या म्हणाले.

धाकटी म्हणाली, “काय?”

“याच्या कॉलेजात गेलो होतो. सर्टिफिकेट खरं की खोटं, ते बघायला. दादाला फाटकाशी बसवलं होतं.”

बायकोने कपाळाला हात लावला. मास्तर जिन्याकडे सरकले. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की कशाचं, ते बघायची तात्यांची हिंमत झाली नाही. पूर्ण बाजार पालथा घातला होता सगळ्यांनी, केवळ त्यांच्या शब्दावर.

मुलगा एवढंच म्हणाला, “पुढच्या फाटकाशी की मागच्या?”

“पुढच्या.”

“बरं.” आणि त्याने ते लिहून घेतलं.

त्याच्या ऑफिसातून जो कागद छापून आला, त्यावर चित्र नव्हतं. वर हातभर रुंद, ठसठशीत दोनच शब्द होते: ‘उलटा स्वेटर’. त्याखाली लहान अक्षरात: ‘निळा. शिवणी बाहेर. घातलेले आजोबा दिसले का? हात धरू नका. नाव विचारू नका. “चहा घेणार का?” एवढंच विचारा, बसवून ठेवा आणि फोन करा.’ मग मोठा फोन नंबर. बाकी सगळा कागद कोरा.

“एवढी जागा फुकट घालवली,” मास्तर जिन्यातून म्हणाले. “कोपऱ्यात निदान एक वेल तरी...”

कागद महाविद्यालयाच्या फाटकापासून चारी दिशांना लागले. चालत्या माणसाला थांबायची गरज पडत नव्हती. जाता जाता डोळ्यात शिरत होतं. दिवे लागायच्या सुमाराला फोन वाजला. एक बाई बोलत होत्या.

“उलटा स्वेटर तुमचाच ना? आमच्या दुकानात आहेत. चहा दिलाय. पण तुम्ही लवकर या हो.”

तयार कपड्यांचं ते दुकान महाविद्यालयाच्या फाटकासमोरच होतं. काखेत कळसा म्हणतात तो असा. दुपारी कुठेकुठे भटकून दादा तिथे शिरले होते. तात्या पोचले तेव्हा ते एका स्टुलावर बसून होते आणि दुकानातले निम्मे शर्ट त्यांनी उलटे करून पुन्हा टांगले होते.

“छोट्या, बघ,” ते संतापून म्हणाले. “सगळी शिवण लपवून ठेवलीय. आतून बघ, कशी बोंब आहे!”

तात्यांनी भावाच्या शेजारी जमिनीवर बसकण मारली. दुकानवाल्या बाई म्हणाल्या, “आम्हाला वाटलं, कोणी तपासनीस आलेत.”

घरी येताना मुलगा मागून चालत होता. तात्या थांबले, त्याला बरोबर घेतलं आणि विचारलं, “खरं सांग. त्या कॉलेजात तू पास झालायस ना?”

“झालोय, काका. पण चित्रकलेत दोनदा नापास होऊन.”

“हे रविवारी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही कागद पुढे केलात. म्हटलं, दाखवूनच द्यावं.”

तात्या यावर विचार करत चालू लागले. जो माणूस स्वतःचं पोतं स्वतःच्या हाताने काढून दाखवतो, तो लपवणार तरी काय? तरी घरी गेल्यावर त्यांनी धाकटीला बाजूला घेऊन विचारलं, “चपला नेहमीच सरळ ठेवतो का गं?”

“नेहमी.”

“मग ठीक आहे,” तात्या म्हणाले. मग जरा वेळाने, भिंतीकडे बघत म्हणाले, “माझं चुकलं.” धाकटी त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही, पण लग्न झालं. दादांच्या खुर्चीत येऊन बसलेले ते गृहस्थही लग्नाला आले, मुलाकडचे की मुलीकडचे, हे कोणी विचारलं नाही. पत्रिकेवर मास्तरांना एकही वेल सापडला नाही, पण हॉल सगळ्यांना सापडला. नवरा-नवरीच्या फोटोत दादांची पाठच आली. ते वाकून नवऱ्याच्या कोटाची कॉलर सरळ करत होते.

पुढे दादांच्या जाण्याची बातमी वर्तमानपत्रात द्यायची वेळ आली, तेव्हा पुन्हा फोटोचा प्रश्न उभा राहिला. मास्तर वहीसकट खाली आले होते. तात्यांनी दादांच्या निळ्या स्वेटरच्या खिशातून घड्या पडून पडून मऊ झालेला एक कागद काढला आणि जावयापुढे ठेवला.

“हे? काका, हे नको,” जावई म्हणाला. “लोक हसतील.”

“डावा खांदा बघ,” तात्या म्हणाले. “दुसरा कोण असणार?”

तेच छापलं. चष्मा लावलेलं पोतं, भोवती कोरी जागा. मास्तर आजही म्हणतात की ते चित्र नव्हे. पण दादांनी ज्यांचे कोट शिवले होते, ती सगळी माणसं आली.

दादा गेले ते धाकटीच्या लग्नानंतरच्या वर्षी, थंडी सरता सरता, एका मंगळवारी दुपारी, जेवण झाल्यावर.